उतारावरचा गुडघा आणि पाच मीटरचा रोल

"अरे, तुझ्या गुडघ्याला शेपूट फुटलंय," मागून येणारी मैत्रीण म्हणाली. पहिलाच दिवस, चालायला लागून दोन तासही झाले नव्हते. डाव्या गुडघ्यावरच्या किनेसिओलॉजी टेपचं, म्हणजे दुखऱ्या सांध्यावर चिकटवायच्या लवचिक कापडी पट्टीचं, खालचं टोक सुटून लोंबत होतं आणि त्याला धूळ नि गवताची कुसळं चिकटली होती. सकाळी निघता निघता घाईत लावलेली टेप, तिच्याखाली नुकतंच चोपडलेलं सनस्क्रीन आणि पायावरचे केस जसेच्या तसे. चिकटणार कशी?

वाट सहा दिवसांची होती, डोंगरातून साधारण ८० किलोमीटर. चढाचं मला काही वाटत नव्हतं. पाचव्या दिवशी एका दमात १,४०० मीटर उतरायचं होतं, धसका त्याचा होता. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो आणि गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. माझं दुखणं नेमकं तिथलं, वर्षभराचं. फिजिओथेरपिस्टनी तीन महिने मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम करून घेतले, मग शेवटी टेप लावायला शिकवली. शिकवतानाच बजावलं, "ही गुडघा धरून ठेवत नाही. दुखणं थोडं कमी वाटेल, बस्स. व्यायाम सोडायचे नाहीत."

ते खरंच आहे. १९७०च्या दशकात केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरांनी (मणका नि सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्यांनी) ही लवचिक टेप काढली आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावर ती जगाने पाहिली. तेव्हापासून टेपच्या नावावर काय काय खपवलं जातं! प्रत्यक्षात तिने स्नायूची ताकद वाढते, असं अभ्यासांत काही ठामपणे दिसलेलं नाही. वेदना थोडी कमी होते, तीही बऱ्याचदा ताण न देता नुसत्या चिकटवलेल्या टेपइतकीच. मग मी का लावतो? कातडीवर काहीतरी ओढ जाणवत राहिली की गुडघा आत वळायला लागताच लक्षात येतं आणि पाऊल नीट पडतं. मला तेवढं पुरतं.

निवडीबद्दल. रुंदी ५ सेंटिमीटर घ्या, गुडघा, पोटरी, खांदा सगळ्याला चालते. रंगात काही अर्थ नाही, आवडेल तो घ्या. सुती टेप कातडीला सोसते, पण भिजली की वाळायला वेळ घेते. कृत्रिम धाग्याची लवकर वाळते आणि घट्ट चिकटते. ओढे ओलांडायचे असतील, घाम फार येत असेल तर दुसरी बरी. कातडी नाजूक असेल तर पहिली. विकत घेतल्यावर एक तुकडा कापून ताणून सोडून पाहा. जवळजवळ दीडपट लांब होऊन परत मूळ मापाला यायला हवा. ताणलेलाच राहिला तर ती टेप गुडघ्यावरही दुपारपर्यंत तशीच सैल पडणार. पाच मीटरच्या रोलमध्ये एका गुडघ्याच्या दहा वेळा होतात. आयते कापलेले तुकडे मी घेत नाही, प्रत्येकाचा गुडघा वेगळा.

आणि निघण्याच्या आठवडाभर आधी दोन बोटांएवढा तुकडा दंडाच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर ठेवा. खाज सुटली, लाल चट्टा उठला तर काढून टाका आणि तो डिंक तुमच्यासाठी नाही असं समजा. हे डोंगरात तिसऱ्या दिवशी कळण्यात मजा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शहाणा झालो. टेप आदल्या रात्रीच लावायची. केस कात्रीने बारीक करायचे (ऐन वेळी वस्तरा फिरवला तर कातडी चुरचुरते), साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करायचं, क्रीम-तेल काहीही नाही. पट्टीची चारही टोकं कात्रीने गोल करायची, कोपरा राहिला की तो मोज्यात नि चादरीत अडकून उचकटतोच. मग बसून गुडघा काटकोनात वाकवायचा. सरळ पायावर लावलेली टेप पाय वाकवताच कातडी ओढते.

पहिली पट्टी इंग्रजी वायसारखी, एका टोकाकडून मधोमध चिरलेली. न चिरलेलं टोक मांडीच्या मध्यावर अजिबात न ताणता चिकटवायचं, दोन्ही शेपट्या हलक्या ताणाने वाटीच्या दोन बाजूंनी खाली न्यायच्या. दुसरी छोटी पट्टी वाटीच्या खाली आडवी. तिचा कागद मधोमध फाडायचा, मधला भाग अर्ध्याहून थोडा जास्त ताणायचा आणि दोन्ही टोकं पुन्हा बिनताणाची. शेवटी तळव्याने अर्धा मिनिट चोळायचं, डिंक उबेने धरतो. त्यानंतर निदान अर्धा तास घाम नको. रात्री लावली की हा प्रश्नच मिटतो. पाणी लागलं तर टिपायचं, पुसायचं नाही. अशी लावलेली टेप पुढचे तीन दिवस पाऊस आणि दोन ओढे सोसून जागची हलली नाही.

शेवटची चार-पाच सेंटिमीटर ताणायची नाहीत, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो. चौथ्या दिवशी मैत्रिणीचा घोटा मुरगळला. चार पावलं टाकता येत होती, हाडावर दाबून दुखत नव्हतं, म्हणून पुढे जायचं ठरवलं. तसं नसतं तर टेप बाजूला ठेवून एक्सरेचीच वाट धरायची होती. मी मोठ्या उत्साहात सॅकमधून टेप बाहेर काढली. आधार मिळावा म्हणून जेवढी ताणता येईल तेवढी ताणली, टोकापर्यंत. संध्याकाळी तिने मोजा काढला तर दोन्ही टोकांखाली पाण्याने भरलेले फोड, एक तर करंगळीच्या नखाएवढा. टोकाला ताण राहिला की टेप आकसताना कातडी सोबत ओढते, वरचा थर सुटतो. वर घोट्याला आधारही मिळाला नव्हता तो नव्हताच. घोटा आत वळू द्यायचा नसेल तर न ताणणारी पांढरी टेप किंवा घोट्याचा ब्रेस (बांधायचा घट्ट आधारपट्टा) लागतो, आणि ती घट्ट टेप दिवस संपला की सोडायची असते. ब्रेस माझ्या सॅकच्या तळाशीच पडला होता. "तुझी ती फॅशन तुझ्याच गुडघ्याला ठेव," एवढंच ती बोलली, मीही वाद घातला नाही. फोडांवर कोरडी पट्टी, घोट्याला ब्रेस आणि तिच्या सॅकमधलं जड सामान माझ्याकडे.

जखम, फोड, पुरळ, सनबर्न यांवर टेप लावू नका. पोटरी एकाच बाजूने सुजून गरम लागत असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे टेप नको, चालणंही नको, थेट डॉक्टर गाठा. बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या की लगेच काढा.

पाचव्या दिवशीचा तो उतार साडेचार तासांचा निघाला. दोन्ही हातांत काठ्या, छोटी पावलं, दर चाळीस मिनिटांनी थांबा. डावा गुडघा शेवटच्या तासात बोलायला लागला, पण बोललाच फक्त. श्रेय कुणाचं म्हणाल तर आधी व्यायामाचं, मग काठ्यांचं, टेपचं तिसरं. घरच्या पायऱ्याही टेप न लावता उतरता येत नसतील तर ती घेऊन डोंगरात जाऊ नका.

काढताना घाई केली नाही. सहाव्या रात्री टेपवर तेल चोळून दहा मिनिटं ठेवलं. मग टेप वर न ओढता केसांच्या दिशेने दुमडत, दुसऱ्या हाताने कातडी मागे दाबत हळूहळू सोडवली. कातडी शाबूत होती. हाफ पँटमध्ये सहा दिवस उन्हात चालल्यामुळे डाव्या पायावर एक गोरा वाय मात्र उमटलाय. अजून गेलेला नाही, आणि मैत्रीण भेटली की आधी त्याचीच चौकशी करते.