आमची वाटचाल : सर्किट नंतर, आधी रिफ्लेक्टर

भोसरीत भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझा आतेभाऊ, दोघांनी सेन्सर बनवायचा धंदा सुरू केला. पहिली मोठी ऑर्डर चाकणच्या एका प्रेसशॉपवाल्या काकांची. चूटवरून, म्हणजे उतरत्या पन्हळीवरून, पडणारे निकेल प्लेटिंगचे वॉशर मोजायचे होते. एका बाजूला लेझर आणि परत आलेला प्रकाश पाहणारा सेन्सर, समोर तो प्रकाश परत पाठवणारा रिफ्लेक्टर. वॉशरने किरण अडवला की एक मोजायचा. सोपं वाटलं, म्हणून आम्ही थेट सर्किट काढलं आणि चाळीस पीसीबी (सर्किटच्या पट्ट्या) छापून घेतले.

ट्रायलला मोजणी कमी यायला लागली. वॉशर इतका चकचकीत, की तोच आरसा व्हायचा. सेन्सरला वाटायचं, समोर रिफ्लेक्टर दिसतोच आहे! परदेशी मालाचा एक एजंट तिथेच उभा होता. काकांना म्हणाला, "खेळणी घेतलीत की काय?" ते वाक्य मी विसरलेलो नाही. बिल अडकलं, गाळ्याचं भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. भाऊ नोकरी शोधायला लागला.

काकांनी मात्र माल परत केला नाही. "रात्री शेड रिकामी असते. या, काय करायचं ते करा," म्हणाले.

तीन रात्री आम्ही सर्किटला हातच लावला नाही. अँगलवर लेझर बांधला. रिफ्लेक्टर प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवतो, म्हणून बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (पडलेल्या प्रकाशाप्रमाणे करंट देणारा भाग) लेझरला अगदी चिकटून बसवला आणि मल्टीमीटर मायक्रोअँपवर ठेवला. दिवे बंद. मग जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची पोलरॉइड फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) सोलून फोटोडायोडपुढे धरली आणि हळूहळू फिरवली. एका कोनात वॉशरचा आकडा जवळजवळ शून्यावर आला, रिफ्लेक्टरचा टिकला! रिफ्लेक्टरमधले प्रिझम प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे कंपाची दिशा, फिरवून पाठवतात, चकचकीत पत्रा ते तसंच ठेवतो. रिफ्लेक्टरऐवजी काचमण्यांची चमकणारी चिकटपट्टी लावून पाहिली, तर तिचाही आकडा वॉशरबरोबरच पडला. म्हणजे पट्टी बाद. मोठ्या प्रिझमच्या रिफ्लेक्टरवर लेझरचा बारीक ठिपका जरा सरकला की मीटर उड्या मारायचा, म्हणून बारीक प्रिझमचा आणला. सकाळी शटर उघडलं आणि मीटरवर फक्त उन्हाचाच आकडा उरला. लेझर पल्स करायचा, म्हणजे भराभर चालू-बंद करून त्याचा प्रकाश उन्हातून वेगळा ओळखायचा, हे तेव्हा ठरलं. ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची थरथर कुठे गाळायची, तेही. सर्किट त्यानंतर. आधीचे चाळीस पीसीबी भंगारात गेले.

नव्या पोरांना फुकटचा सल्ला देतो, विचारलेला नसला तरी : ज्याची मोजणी करायची तोच माल ट्रायलला आणा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर सगळेच सेन्सर चालतात. आणि रिफ्लेक्टरवर तेलाचा हात फिरवून परत आकडा घ्या, प्रेसशॉपमध्ये तो तेलकटच राहणार आहे.

पुढची वर्षं बरी गेली. पाटल्या सुटल्या, गाळा स्वतःचा झाला, आतेभाऊ अजून सोबत आहे. तो एजंट नंतर आमच्याच सेन्सरची चौकशी करायला आला होता. मी चहा पाजला, डीलरशिप दिली नाही. काका अजूनही नवा सेन्सर आला की चेक लिहिण्याआधी स्वतः चूटवर पाच वॉशर टाकतात आणि डिस्प्ले वाचतात.