पावसाळी नोंद: कपाट एक, मंडळी चार

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की या पावसाळ्यात सगळ्या मंडळींना बोर्डगेम खेळायला एकदा एकाच टेबलाभोवती बसवायचं. तो बेत रद्द. कॉलेजच्या टोळक्याला तीन तास डोकं पिळणारा डाव लागतो, सोसायटीतल्या काका-काकूंना हातात पत्ते लागतात, पक्षीवाल्यांना खेळाआधी पाखरं लागतात आणि भाच्याला आगगाडी. या सगळ्यांना एकत्र आणलं तर चहा-भजी होतील, गप्पा होतील आणि खोकं बंदच राहील. चहा-भज्यांना माझी ना नाही, पण तेवढ्यासाठी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये कुणाला कशाला अडकवायचं?

म्हणून कपाटच नव्याने लावलं. आधी खोक्यांच्या मापाने लावलेलं होतं, आता माणसांचे कप्पे आहेत. बोर्डगेमगीक या खेळांना गुण देणाऱ्या वेबसाइटवर कशाला किती गुण पडलेत हे अजूनही बघते, पण विकत घेताना पहिला प्रश्न एकच: हा कुणाच्या कप्प्यात जाणार? कप्पा सापडला नाही तर पैसे वाचले.

या वेळी सगळ्यात मजा आली ती सोसायटीच्या कप्प्यात. आमच्या क्लबहाउसात दुपारी मेंढीकोट चालतो, आणि तो मी इथे राहायला येण्याच्या आधीपासून चालत आलाय. चौघं जण, समोरासमोर भिडू, दश्श्या गोळा करायच्या. तिथे मी ‘द क्रू’ घेऊन गेले. थॉमस सिंग या जर्मन माणसाचा २०१९ चा खेळ. २०२० मध्ये त्याला केनरश्पील देस यारेस, म्हणजे जर्मनीतला जाणकार खेळाडूंसाठीचा पुरस्कार मिळाला. चार रंग, प्रत्येकात एक ते नऊ, आणि वर चार रॉकेटं. रॉकेट म्हणजे कायमचा हुकूम. रंगाला रंग टाकायचा, नसेल तर हवं ते पान. एवढं सांगून होतंय तोच तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला हातानेच थांबवलं. “कळलं गं. वाट आता.”

अंतराळ, नववा ग्रह, कमांडर ही सगळी गोष्ट सांगायची राहूनच गेली आणि कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. या खेळात सगळे एकाच बाजूचे. मधोमध कामगिरीची छोटी पानं मांडतात. ज्याने जे पान उचललं, तो पत्ता ज्या हातात पडेल तो हात त्यानेच घ्यायचा. हिरवी सात माझ्या नावावर असेल आणि ती भलत्याच्या हातात गेली, तर सगळे हरले. “सगळेच भिडू? मग हरवायचं कुणाला?” काकांनी विचारलं. मी उत्तर देण्याआधीच काकांनी सवयीने सगळ्यात मोठं पान आपटून हात उचलला, आणि काकूंची कामगिरी त्या हाताबरोबर गेली. काकू काही बोलल्या नाहीत. बोलायची परवानगीच नव्हती.

कारण ‘द क्रू’मध्ये आपल्या पानांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मेंढीकोटवाल्यांना हे सगळ्यात जड गेलं. खुणा करणं हा तिथला अर्धा खेळ असतो; कान खाजवला की एक अर्थ, खोकला काढला की दुसरा. इथे कायदेशीर खूण एकच. एका मिशनमध्ये, म्हणजे एका डावात, प्रत्येकाला एकदाच एक पान उघडं ठेवता येतं आणि त्यावर टोकन ठेवायचं. टोकन पानाच्या वरच्या टोकाला असेल तर तो त्या रंगातला माझा सगळ्यात मोठा पत्ता, मधे असेल तर त्या रंगाचा तेवढा एकच, खाली असेल तर सगळ्यात लहान. रॉकेट दाखवायचं नाही. “काका, खोकला नको” हे मी आता झोपेतही म्हणत असेन.

पण ज्या दिवशी टोकन समजलं, त्या दिवशीचा एक हात इथे लिहून ठेवायलाच हवा. काकांच्या नावावर गुलाबी सहा होती आणि ती होती काकूंकडे. काकूंनी ती उघडी ठेवली, टोकन मधे. म्हणजे गुलाबीत माझ्याकडे एवढंच पान आहे. काकांनी आपल्या पानांवरून दोनदा नजर फिरवली आणि गुलाबी नऊ टाकली. रंगाला रंग टाकणं भाग, काकूंची सहा खाली आली, हात काकांचा. दोघांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. बाजूला बसलेल्या सेक्रेटरी काकांनीच “व्वा!” म्हणून नियम मोडला.

पन्नास मिशनांच्या वहीत आम्ही निम्मी वाट कापली आहे. माझं मत असं झालंय की हा खेळ आमच्या पिढीपेक्षा या मंडळींना जास्त जमतो. आयुष्यभर पत्ते खेळलेल्या माणसाला कुठलं पान पडून गेलं आणि कुठलं बाहेर आहे हे मोजावं लागत नाही, ते आपोआप डोक्यात असतं. हाच खेळ मी कॉलेजच्या टोळक्यापुढे मांडला होता. चौघेही इंजिनिअर, आणि पाचव्या हातानंतर निळी नऊ गेली की नाही यावर वाद.

त्या टोळक्याच्या कप्प्यात सध्या फक्त ‘ब्रास: बर्मिंगहॅम’. गेव्हन ब्राउन, मॅट टोलमन आणि मार्टिन वॉलेस या तिघांचा २०१८ चा खेळ. १७७० ते १८७० या काळातला इंग्लंड, आधी कालव्यांचं पर्व आणि मग रेल्वेचं. पहिलं पर्व संपलं की सगळे कालवे उचलले जातात, पहिल्या पातळीचे कारखानेही जातात. दुसऱ्या पातळीचे राहतात आणि शेवटी पुन्हा गुण देतात. त्यामुळे सुरुवातीलाच लोखंड जाळून पहिल्या पातळीच्या फरश्या (कारखान्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे) काढून टाकाव्यात, की पटापट कारखाने उभारून उत्पन्न वाढवावं, यावरून आमच्यात दोन पक्ष पडलेत. खारघरवाला दुसऱ्या पक्षाचा. त्याचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर घरी बसले. तो कापडाची गिरणी मांडताना दर वेळी म्हणतो, “ही तरी चालू राहू दे.” पर्व संपताना ती उचलायची वेळ आली की त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

माझी प्रगती कोळशात आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दुसऱ्याने माझा कोळसा वापरला तर माझं नुकसान. उलट आहे. खाणीतला शेवटचा कोळसा उचलला गेला की खाण पलटते आणि मालकाचं उत्पन्न वाढतं. वर नियम असा की जोडलेल्या खाणींपैकी सगळ्यात जवळची आधी वापरायची. म्हणजे समोरच्याला रेल्वे टाकायची घाई असताना त्याच्या वाटेत माझी खाण असली, तर त्याला आवडो न आवडो, माझाच कोळसा जाळावा लागतो. डोंबिवलीकराला हे कळायला वेळ लागला. कळल्यावर तो आता खाण मांडण्याआधी माझ्याकडे संशयाने बघतो. दुसरी गोष्ट खेळाचा क्रम. ज्याने फेरीत सगळ्यात कमी पैसे खर्च केले तो पुढच्या फेरीत पहिला. या फेरीत शेवटी असताना हात आखडता घेतला, की पुढच्या फेरीत पहिला नंबर आणि सलग चार चाली. रेल्वे पर्वात एका चालीत दोन रूळ टाकायला पंधरा पौंड, दोन कोळसे आणि एक बिअर लागते. चार चालींचा असा पट्टा हाती असला की नकाशाचा एक कोपरा आपला होतो. ही युक्ती मी टोळक्याला अजून सांगितलेली नाही. ते हे वाचत नाहीत.

अडचण एकच, वेळ. खोक्यावर दोन तास लिहिलंय. चौघांत, वडापाव धरून, आमचे तीन होतात, आणि खारघरवाल्याला शेवटची पनवेल लोकल गाठायची असते. म्हणून आता फरश्या आणि पैसे मी आदल्या रात्रीच प्रत्येकाच्या डब्यात वाटून ठेवते. मांडणीतला निम्मा वेळ वाचतो.

पक्षीवाल्यांचं तंत्र अगदी वेगळं. हिवाळ्यात आम्ही ऐरोलीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला भेटतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हापासून तिथली गर्दी बघता पहाटे निघावं लागतं. पावसात रोहित नसतात. जूनमध्ये येऊरच्या बाजूला नवरंग ऐकायला जातो, आणि धो धो सुरू झाला की कुणाच्या तरी घरी ‘विंगस्पॅन’. एलिझाबेथ हारग्रेव्हचा २०१९ चा खेळ. मूळ खोक्यात १७० पक्षी, बहुतेक उत्तर अमेरिकेतले, आणि यावरच आमचे ज्येष्ठ सभासद पहिल्या दिवशी नाराज झाले. “यातलं एक तरी येऊरला दिसतं का?” म्हणून २०२२ चा आशियाचा भाग घेतला, तेव्हा ते जरा निवळले.

गंमत अशी की ही मंडळी जिंकायला खेळतच नाहीत. पान हातात आलं की आधी घरट्याचा प्रकार बघतात, मग पंखांचा विस्तार किती सेंटिमीटर लिहिलाय ते, मग खालची माहितीची ओळ मोठ्याने वाचतात. शिकारी पक्ष्याचा नियम मात्र सगळ्यांना पटला: गड्डीतलं वरचं पान उघडायचं, त्या पक्ष्याचा विस्तार शिकाऱ्याच्या पानावर दिलेल्या मापापेक्षा, समजा ७५ सेंटिमीटरपेक्षा, कमी असेल तर शिकार साधली, नाहीतर उपाशी. “बरोबर आहे, ससाणा काय बगळा उचलणार?” एवढ्या एका वाक्यावर पंधरा मिनिटं गेली. पहिल्या फेरीत आठ चाली, मग सात, सहा, पाच. शेवटच्या फेरीत मला घाई होते आणि समोर कुणीतरी मोबाइलवर शीळकरी कस्तुराचं रेकॉर्डिंग लावून बसलेलं असतं. गुण मोजायचे राहून जातात. आधी मी चिडायचे. आता मोजायची वहीच नेत नाही.

आता जरा तांत्रिक. ठाण्याच्या जुलैत पत्ते वाकतात. कागदाचे थर ओल सारखी शोषत नाहीत, म्हणून पान होडीसारखं वळतं, आणि ‘द क्रू’सारख्या खेळात वळलेलं पान ओळखू येणं म्हणजे खूणच झाली. स्लीव्ह, म्हणजे पत्त्यांची प्लास्टिकची पाकिटं, घातले तरी ओल अडत नाही; स्लीव्ह भज्यांच्या तेलकट बोटांपासून वाचवतात, तेवढंच. मी खोक्यातली गड्डी घट्ट झाकणाच्या डब्यात टाकते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नव्या बुटांच्या आणि बॅगांच्या खोक्यातल्या पुड्या सोसायटीत सगळ्यांना जमवायला सांगितल्यात. वॉचमन काका आता न मागता आणून देतात. निळे दाणे असलेल्या पुड्या घेतल्या तर गुलाबी झाले की कळतं की त्या भरल्या.

कॅरमचा किस्सा यातलाच. क्लबहाउसचा बोर्ड मे महिन्यापासून जड चालत होता. पावडर बदलून झाली, बोर्ड पुसून झाला, स्ट्रायकर बदलला, काही उपयोग नाही. सोंगटी अर्ध्यात थांबायची. मग सेक्रेटरी काकांच्याच लक्षात आलं की बोर्डावरचा टांगलेला जुना पिवळा बल्ब काढून तिथे एलईडी लावलाय. वीज वाचली, पण ऊब गेली. कॅरम क्लबात बोर्डावर खाली टांगलेला बल्ब असतो तो फक्त उजेडासाठी नसतो. त्याच्या गरमीने लाकूड आणि बोरिक पावडर कोरडी राहते. जुना बल्ब शोधायला तलावपाळीच्या बाजूची तीन दुकानं पालथी घातली, शेवटी गोखले रोडला मिळाला. आता खेळायच्या तासभर आधी लावतो. राणी पुन्हा कट मारून जाते आणि तिच्या पन्नास गुणांवरून भांडणंही पूर्ववत सुरू झाली आहेत.

भाच्याचं थोडक्यात. ‘तिकीट टू राइड’ या आगगाडीच्या खेळाचा भारताचा नकाशा आणला, २०११ चा. मूळ खेळाचे डबे आणि पत्ते लागतात, चौघांपर्यंत खेळता येतो. एका तिकिटाची दोन्ही शहरं दोन वेगळ्या मार्गांनी जोडली तर जास्तीचे गुण मिळतात, हे त्याला मिनिटभरात कळलं. मग त्याने नकाशावर ठाणं शोधलं. नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, चौतीस किलोमीटर, हे त्याच्या पुस्तकात आहे, त्यामुळे खेळ बनवणाऱ्यांवर त्याचा राग आहे आणि तो रास्त आहे.

पुढच्या महिन्यात: बर्मिंगहॅम तिघांत खेळून बघायचंय, कारण डोंबिवलीकर गणपतीला गावी जाणार. काका-काकूंबरोबर वहीतली अवघड मिशनं. आणि तुम्हाला एक विचारायचं होतं. ‘द क्रू’चा समुद्राखालचा भाग, ‘मिशन डीप सी’, मेंढीकोटवाल्या मंडळींबरोबर कुणी खेळलंय का? त्यात कामगिरीची पानं जास्त शब्दबंबाळ आहेत असं दिसतंय, आणि काकूंना वाचायला चष्मा शोधावा लागला तर डाव तिथेच मोडेल. पन्नासावं मिशन व्हायच्या आत ठरवायला हवं, कारण काकांनी आत्ताच विचारायला सुरुवात केली आहे: “वही संपल्यावर काय?”