अंगणात उतरणारी बॅटरी

काका पहिल्यांदा माझ्या गॅरेजात आले तेव्हा डिकीत जंपर केबल होती, मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेली जादा बॅटरी होती आणि तिच्या शेजारी नातू, धक्का मारायला. काका एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर. निवृत्तीनंतर सेकंडहँड सेडान घेतली, 2006चं मॉडेल. गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "हिच्यापेक्षा माझी एसटी बरी. चोवीस व्होल्ट, दोन बॅटऱ्या, आणि उतारावर लावली की सेल्फची गरजच नाय."

तक्रार अशी की गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, नुसता 'टक्' करून गप्प. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून झालेल्या. एका वायरमनने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उघडून डायोड प्लेट बदलली, दुसऱ्याने सेल्फचे ब्रश बदलले, तिसऱ्याने सांगितलं की रात्री बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवत जा. हा शेवटचा सल्ला फुकट होता आणि नेमका तेवढाच चालला.

त्यातच खरं तर अर्धं उत्तर होतं. टर्मिनल काढल्यावर बॅटरी टिकते म्हणजे बॅटरी धड आहे. गाडी चालू करून मीटर लावला तर 14.2 व्होल्ट, म्हणजे चार्जिंगही धड. राहिलं काय, तर गाडी बंद असताना कोणीतरी गुपचूप करंट खातंय.

ते शोधायची रीत जुनीच आहे. दहाच्या पान्याने मायनसचं टर्मिनल सोडायचं आणि त्या मोकळ्या जागेत मल्टिमीटर घालायचा, म्हणजे गाडी जो काही करंट ओढेल तो मीटरमधून जाईल. नवी पोरं इथे दोन चुका करतात. मीटर लावलेला विसरून चावी फिरवतात, मग मीटरचा फ्यूज उडतो. आणि दुसरी चूक घाईची. दार बंद केलं तरी लॉकिंगचं युनिट, चोरी रोखणारा इमोबिलायझर वगैरे मंडळी लगेच झोपत नाहीत. मी खिडकी उघडी ठेवतो, उघड्या दाराच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून 'टक्' करतो, गाडीला वाटतं दार लागलं. मग चहा सांगतो. चहा येऊन कप परत जाईपर्यंत जो आकडा स्थिरावतो तोच खरा. एवढ्या जुन्या गाडीत 0.02, 0.03 अँपिअर दिसलं तर ठीक. 0.05 पर्यंत मी काही बोलत नाही.

इथे 0.24 होतं.

टेपचा सेट ओढून काढला आणि हसूच आलं. बाहेरून बसवलेल्या सेटला पिवळी वायर कायमच्या करंटची असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला, आणि लाल वायर चावीवरची. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून वर टेप गुंडाळली होती. म्हणजे चावी काढली तरी सेट जागाच. लाल वायर जागच्या जागी जोडली, आकडा 0.02 वर आला. डिकीचा दिवा विझतो की नाही तेही पाहिलं, कारण ती खोड जुनी. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून मोबाईल डिकीत ठेवला, झाकण लावलं, उघडलं. व्हिडिओत काळोख. काकांना म्हटलं, आता नातवाला शाळेत जाऊ द्या.

पाचव्या दिवशी सकाळी फोन. "अरे, गाडीने परत दगा दिलान्."

गाडी परत आली, तीन रात्री माझ्याकडे राहिली. रोज सकाळी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. मीटरवर 0.02. काका घेऊन गेले, दोन दिवसांनी घरी 11.4. मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी बॅटरीवर ढकललं. तीन महिन्यांचीच असली तरी सारखी तळापर्यंत उतरून तिची वाट लागली असेल, हे कारण काही अगदी खोटं नव्हतं. सेल्फ मारायची बॅटरी पातळ प्लेटांची असते. एकदम मोठा करंट द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचा एवढंच तिचं काम. तळ गाठलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. तर काकांची बॅटरी काढली, खडूने वर 'खराब' लिहिलं, कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या भरवशाची एक तात्पुरती बसवून दिली. तिसऱ्या दिवशी तीही उतरली.

तोवर काकूंनी बोनेटला लिंबू-मिरची बांधली होती. मी त्यांना काय बोलणार? माझ्याकडे तरी कुठे दुसरं कारण होतं.

गॅरेजात उतरत नाही, घरी उतरते. गाडी तीच, बॅटरी माझी, वायरिंग मी बघितलेलं. मग बदलतंय काय, तर जागा. हा विचार मला सुचायला तीन आठवडे लागले. गिऱ्हाईक आलं की मी गाडी कधी घेतली, काय काय बसवलंय, कोणी हात लावलाय हे सगळं विचारतो. रात्री उभी कुठे असते हे विचारायची मला सवयच नव्हती.

जुलै संपत आलेला. संध्याकाळी दोन मीटर, बॅटरी आणि प्लास्टिकचा कागद स्कूटरवर बांधला आणि पावस गावच्या रस्त्याने काकांच्या वाडीत गेलो. कोकणातलं घर, म्हणजे रस्त्यापासून अंगणापर्यंत नुसता उतार. आधी गाडी वर सपाटीला असायची. गेल्या वर्षी मे महिन्यात तिथे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला, उरलेले चिरे तिथेच रचून ठेवले, तेव्हापासून गाडी खालच्या बाजूला, उताराला आडवी. काकांनी तिथे जमिनीत अर्धा चिरा पुरलेला. मागचं डावं चाक त्याच्यावर चढवायचं, की गाडी घरंगळायचं नाव नाही. "हँडब्रेकवर भरोसा ठेवून मी 31 वर्षं काढली नाहीत," म्हणाले. पहिली बॅटरी उतरली ती कधी? गेल्या वर्षी जूनमध्ये.

गाडी होती तशीच ठेवली. बॅटरी बसवली, मीटर लावला, काकांना छत्री देऊन मीटरपाशी उभं केलं आणि पडवीत चहा घेतला. वीस मिनिटांनी आकडा 0.41. माझ्याकडे ज्या गाडीत 0.02 होतं तिच्यातच.

हिशेब करून बघा. 0.41 अँपिअर म्हणजे दिवसरात्रीत जवळजवळ 10 अँपिअर-अवर. बॅटरी 35ची. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी, मग सेल्फ कशाला फिरतोय!

आता फ्यूज एकेक उपटत बसलो असतो तर झोपलेली युनिटं पुन्हा जागी झाली असती आणि परत वीस मिनिटं. त्यापेक्षा फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांवर मिलिव्होल्टला लावलेला मीटर टेकवायचा. करंट वाहत नसेल तर शून्य. वाहत असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या रोधामुळे इवलासा आकडा दिसतो. एकेक करत गेलो. शून्य, शून्य, शून्य, आणि आतल्या दिव्यांच्या 10 अँपिअरच्या फ्यूजवर 3.1. एवढ्या फ्यूजला 3 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 0.4 अँपिअर. चोर ह्याच घरातला.

त्या फ्यूजवर छताचा दिवा, सेटची पिवळी वायर, लॉकिंग आणि डिकीचा दिवा. छताचा दिवा बंद दिसत होता. सेटचा मागचा सॉकेट ओढला, आकडा हलला नाही. लॉकिंगचा काढला, तरी नाही. राहिला डिकीचा दिवा, आणि तो तर मी स्वतः मोबाईलने तपासलेला. 5 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर 0.42 अँपिअर घेतो हे माझ्या पोऱ्यालाही पाठ आहे, आणि मी तिथे आकडा समोर असून "डिकी नाही, डिकी नाही" करत उभा.

तेवढ्यात लाईट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे ती जातेच, त्यात नवल नाही. अंगण, पडवी, समोरची वाडी, सगळं एकदम काळंठिक्कर. आणि गाडीच्या मागे, नंबर प्लेटच्या वर, डिकीच्या फटीतून दोऱ्याएवढी पिवळी रेघ.

मी झाकणावर तळहात दाबला. पुढून काका ओरडले, "शून्य शून्य दोन!" हात काढला. "एक्केचाळीस!" दाबला. "दोन!" पाच-सहा वेळा तरी आम्ही हा खेळ केला. काकू कंदील घेऊन बाहेर आल्या, त्यांना वाटलं दोघांना काय झालंय.

गाडीला कधीतरी मागून टेंपोने ठोकलं होतं, डेंटरने शेपूट सरळ केलेलं. झाकणाखालचे रबरी गुट्टे झिजून पापड झालेले, लॉकचा आकडा सैल. सपाटीवर झाकण नीट बसायचं. पण एक मागचं चाक चिऱ्यावर चढलं की त्या जुन्या बॉडीला किंचित पीळ बसायचा आणि झाकण, लॉक लागलेलं असूनही, दोन-तीन मिलिमीटर वर राहायचं. दिव्याचं बटण लॉकच्या आतच. त्याला तेवढं पुरत होतं. खात्रीसाठी गाडी चिऱ्यावरून उतरवली, 0.02. परत चढवली, 0.41.

काका म्हणाले, "बल्बच काढून टाक की. एसटीच्या टपावर कुठे दिवा होता?" पण तीन आठवडे नाक कापून घेतल्यावर बल्ब काढून घरी जाणं मला जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी येऊन 80 रुपयांचे दोन गुट्टे बसवले, लॉकच्या खालच्या आकड्याचे दोन बोल्ट सैल करून तो थोडा खाली घेतला. चिऱ्यावर उभ्या गाडीत पुन्हा मोबाईल ठेवला. काळोख. काकांनी चिरा काही हलवला नाही. गाडी अजून त्याच्यावरच असते.

त्यांची ती 'खराब' बॅटरी मी सहज म्हणून दीड दिवस बारीक करंटवर चार्जिंगला लावली. 12.5 पर्यंत उठली. काकांना न्यायला सांगितलं तर म्हणाले, तुझी चांगली आहे, तीच राहू दे. तेव्हापासून लाईट गेली की गॅरेजातला बल्ब तिच्यावर लागतो. खडूची अक्षरं पुसायची मात्र राहूनच गेलीत.