इलेक्ट्रॉन मोजून काढलेला अँपिअर

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी आम्हाला तांब्याच्या व्होल्टामीटरचे प्रात्यक्षिक होते. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची पट्टी टांगायची, अर्धा तास एक अँपिअर धारा सोडायची, मग पट्टी धुऊन, वाळवून तिचे वजन करायचे. वजन ०.५९ ग्रॅमच्या आसपास वाढायला हवे होते, माझे ०.४ ग्रॅमच भरले, कारण नुकतेच बसलेले सैल तांबे मी नळाखाली धुऊन टाकले होते. तांब्याच्या प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे आपण तराजूवर खरे तर इलेक्ट्रॉनच मोजत होतो, हे ध्यानात यायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

अँपिअरची एके काळची अधिकृत व्याख्याही अशीच सराफी होती. १९०८ साली लंडनच्या परिषदेत ठरले की, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी बसवणारी धारा म्हणजे एक अँपिअर. १९४८ साली तिची जागा दोन अनंत लांबीच्या समांतर तारांमधील बलाने घेतली. कागदावर ही व्याख्या निर्दोष, पण तशा तारा कोणत्याच प्रयोगशाळेत असू शकत नाहीत. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्यच कायमचे ठरवून टाकले गेले: १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, इतके कूलोम. त्यामुळे एक अँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ परार्ध इलेक्ट्रॉन. (शाळेत पाठ केलेला ‘परार्ध’ अखेर कुठेतरी उपयोगी पडला.)

आता व्याख्येनुसार मोजायचे, तर इलेक्ट्रॉन एकेक करून सोडता आला पाहिजे. धातूचे किंवा अर्धवाहकाचे एखादे बेट इतके लहान केले की त्याची धारकता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, एक फेम्टोफॅरडच्या (फॅरड या एककाच्या अब्जांशाच्या दशलक्षांशाच्या) घरात येते, तर त्यावर आधीच बसलेला एक जादा इलेक्ट्रॉन दुसऱ्याला वर येऊ देत नाही. ही अडवणूक टिकते ती फक्त कडाक्याच्या थंडीत, कारण एवढ्या लहान बेटावर आणखी एक इलेक्ट्रॉन चढवायला लागणारी ऊर्जा जेमतेम एका केल्विनच्या उष्णतेइतकी असते आणि बेट त्याहून पुष्कळच थंड ठेवावे लागते.

एकेक इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या नव्या अर्धवाहक पंपांचे काम शेतातल्या बांधांसारखे चालते. मध्ये खळगा आणि त्याच्या दोन बाजूंना विद्युतदाबाने उभे केलेले दोन बांध. अलीकडच्या बाजूचा बांध खाली येतो, तेव्हा काही इलेक्ट्रॉन खळग्यात शिरतात. तो पुन्हा वर चढू लागला की जास्तीचे इलेक्ट्रॉन मागे निसटतात आणि एकच अडकून राहतो. बांध आणखी चढला की तोही पलीकडच्या बांधावरून ढकलला जातो. हे सेकंदाला एक अब्ज वेळा केले, तर धारा होते १६० पिकोअँपिअर (पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग). २०१२ साली इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या आणि केंब्रिजच्या संशोधकांनी अशाच एका पंपातून सुमारे १५० पिकोअँपिअर धारा काढून ती दहा लाखांत १.२ भाग इतक्या अनिश्चिततेने तपासली.

मला मात्र त्याहून जुना, १९९६ सालचा अमेरिकेतील प्रयोग अधिक भावतो. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेतील केलर, मार्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म बेटांमध्ये ऑक्साइडच्या पातळ थरांचे सात सांधे घातले, कारण कमी सांधे असले की इलेक्ट्रॉन एका दमात दोन उड्या मारून मोजणी चुकवतात. मग त्यांनी एकच इलेक्ट्रॉन आत-बाहेर, आत-बाहेर असा खेळवत ठेवला आणि शेजारच्या अतिसंवेदी विद्युतमापकाने चूक होण्याची वाट पाहिली. एक चूक होण्याआधी सहा-सात कोटी फेऱ्या बिनचूक होत होत्या. धारा मात्र एका पिकोअँपिअरच्या आसपास, म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने जवळजवळ शून्यच.

अडचण आहे ती इथे. पंपाचा वेग वाढवला की इलेक्ट्रॉन निसटतात आणि अचूकता सांभाळली की धारा तुटपुंजी राहते. सेकंदाला एक अब्जच्या वेगाने चालणाऱ्या एकाच पंपाने एका अँपिअरच्या एका सेकंदापुरते इलेक्ट्रॉन सोडायचे म्हटले, तर १९८ वर्षे लागतील. म्हणून मोठ्या धारेसाठी प्रयोगशाळा आजही आडवळणाने जातात: अतिवाहक सांध्यांतल्या जोसेफसन परिणामातून व्होल्ट, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पातळ अर्धवाहक थरातल्या क्वांटम हॉल परिणामातून ओहम आणि त्या दोहोंच्या भागाकारातून अँपिअर. व्याख्या इलेक्ट्रॉनची, पण हिशेब ओहमच्या नियमाचा, हे मला अजूनही थोडे गमतीचे वाटते.

पंपाची खरी गरज भासते ती त्याच्याच आकाराच्या धारांना. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या आयनीभवन कक्षात पिकोअँपिअरच्या घरातलीच धारा वाहते आणि तिथे मोठा रोध घेऊन भागाकार करण्यापेक्षा मोजून सोडलेल्या इलेक्ट्रॉनांशी सरळ तुलना करणे अधिक सोयीचे ठरू शकते.