टिटिकाकाच्या काठी: धाप, बटाटे आणि तराफ्यावरची बस

टिटिकाका तलाव पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर साधारण 3,810 मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई 1,646 मीटर, हा हिशोब मी मावसभावाला निघायच्या आधीच सांगितला होता, तर तो म्हणे, "ताई, मी दर महिन्याला गड चढतो, माझी काळजी तू करूच नको." बरं, नाही केली. तलावाकाठच्या पुनो शहरात (पेरू) पोचलो तर हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आमचे गडवीर पहिल्याच जिन्यात भिंतीवरचं कॅलेंडर अगदी मन लावून वाचत उभे. स्पॅनिश कॅलेंडर. मागच्या वर्षीचं.

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशसुद्धा नसतो, आणि हे पुस्तकात वाचणं वेगळं नि भडंगाच्या पाकिटाने शिकवणं वेगळं. पाकीट फुगून टम्म झालेलं, भावाने दाताने फोडलं आणि शेंगदाणे थेट समोरच्या बंकवर झोपलेल्या जर्मन मुलाच्या अंगावर! सनस्क्रीनचं झाकण उघडलं तर निम्मी ट्यूब आपोआप बाहेर. पाणी 88 डिग्रीच्या आसपासच उकळतं, त्यामुळे मॅगी आतून कचकचीत आणि चहाला काही केल्या कडकपणा येत नाही. मग तिथल्यासारखा कोकाच्या पानांचा चहा प्यायचा, उंचीच्या त्रासाला ते लोक सोरोचे म्हणतात आणि त्यावर त्यांचा हाच पहिला उपाय. चवीला गवती चहाच्या लांबच्या नात्यातला आहे, मला आवडला. पण पानं मात्र आठवण म्हणून बॅगेत भरू नका, आपल्याकडे कोका अमली पदार्थांच्या कायद्यात येतो.

उरोस लोकांची तरंगती बेटं बघितली, तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची, खालचा थर कुजत जातो तसा वर नवा घालत राहायचा, आणि बेट वाहून जाऊ नये म्हणून दोरांनी खुंटांना बांधायचं. छान आहेत पण टुरिस्टांची गर्दी फार. खरी मजा आमान्तानी बेटावर, तिथे हॉटेलात नाही तर लोकांच्या घरात राहायचं, आणि पाहुणे गावात पाळीपाळीने वाटून दिले जातात.

तीनेक तास बोटीत हलत धक्क्याला लागलो, घरमालकीणबाई न्यायला आलेल्या, आणि घर अर्थातच चढावर. बाई पुढे, हातात लोकर, चालता चालता सूतकताई चालू, मागे आम्ही दर वीस पावलांवर "काय सुंदर व्ह्यू आहे" म्हणत थांबणार. चौथ्या व्ह्यूला त्यांना कळलं. त्या मागे आल्या, काही न बोलता भावाची सॅक पाठीवरच्या फडक्यात बांधली आणि परत सूत कातत चालू लागल्या! भाऊ मागून "नो, सिन्योरा, नो" करतोय पण तेवढं बोलायलाही श्वास नको का.

जेवायला किन्वाचं सूप, तळलेलं चीज आणि बटाटे. मी शाकाहारी, म्हटलं हाल होणार, पण अँडीज हे बटाट्याचं माहेरच, पिवळे काय, जांभळे काय, वर ओका नावाचं गोडसर कंद, सकाळ संध्याकाळ बटाटेच! नंतर मुन्या नावाच्या पाल्याचा चहा, पुदिन्याच्या जवळपासचा वास, पोट हलकं होतं.

हलकं झालं तेही बरंच, कारण रात्री नाच. मला त्यांचे घेरदार झगे एकावर एक चढवले, कमरेला पट्टा इतका करकचून आवळला की आधीच अर्धा असलेला श्वास पाव झाला, भावाला पोंचो आणि कानटोपी. गोल करून धावत नाचायचं, बँड थांबतच नाही, आणि माझा हात धरलेल्या सत्तरीच्या आजीबाई मला अक्षरशः ओढत होत्या. मी सुटून बाकावर बसले तर तिथे अख्खी परदेशी मंडळी आधीच बसलेली, सगळ्यांची छाती भात्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ताकिले बेट. तिथे पुरुष विणतात, आणि ते विणकाम युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. पूर्ण लाल टोपी म्हणजे लग्न झालेला, अर्धी लाल अर्धी पांढरी म्हणजे बाकी असलेला. भावाने रंग आवडला म्हणून लाल घेतली आणि दिवसभर लोक त्याला बायको कुठंय विचारत माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मला "एर्माना, एर्माना" म्हणजे बहीण, बहीण म्हणून ओरडत फिरावं लागलं.

कासानीच्या सीमेवर पेरूचा शिक्का मारून घ्यायचा, मग चालत कमानीखालून बोलिव्हियात आणि तिकडचा शिक्का. व्हिसा आम्ही आधीच काढलेला, नियम बदलत असतात, निघताना बघून घ्या. बोलिव्हियाचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे शंभर पावलं चढलो आणि एक तास गेला. आमच्या स्पीडला तेवढा लागलाच असेल म्हणा.

सीमेपलीकडच्या कोपाकबाना गावात चर्चसमोर गाड्यांची लाइन, फुलांच्या माळा, पाद्री पवित्र पाणी शिंपडतायत आणि मालक वर बिअर ओततोय. दसऱ्याची वाहनपूजाच, फक्त नारळाच्या जागी बिअर.

पुढे बोलिव्हियातल्या ला पाझ शहराच्या वाटेवर तिकिनाची सामुद्रधुनी, म्हणजे तलावाचाच अरुंद भाग. तिथे प्रवासी उतरून छोट्या बोटीतून जातात आणि बस रिकामी लाकडी तराफ्यावर. किनाऱ्यावर बोलिव्हियाच्या नौदलाचा तळ, चिलीबरोबर 1879 ला सुरू झालेल्या युद्धात समुद्रकिनारा गेला पण नौदल त्यांनी ठेवलंय. आमच्या सॅक बसमध्ये, बस पाण्यात डुलतेय, आणि भावाला नेमकं आत्ता आठवलं की पासपोर्ट सीटच्या जाळीत आहे. बस पलीकडे नीट लागली. ड्रायव्हरने हॉर्न मारला तसे सगळे परदेशी लगबगीने, म्हणजे पेन्शनर मॉर्निंग वॉकला निघतात त्या वेगाने, बसकडे निघालो, तेवढ्यात गोल हॅट घातलेली एक मावशी पाठीवर भलं मोठं गाठोडं घेऊन आम्हाला ओलांडून सुसाट गेली आणि माझ्या खिडकीच्या सीटवर बसून मोकळी झाली. तिला उठवायला जे भांडावं लागलं असतं त्यासाठी श्वास शिल्लक नव्हता, ला पाझपर्यंत मी मधल्या सीटवर.