पांढऱ्या घोड्यावरचा वैद्य

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधील प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांनी घरच्या आणि शेजारपाजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून लोकपरंपरेची माहिती वह्यांत उतरवून घेतली. त्या वह्यांत घरगुती उपचारांचा भरणा मोठा आहे. मात्र आजीबाईच्या बटव्यात औषध जसे पुडीत सापडते, तसे ते तिथे नेहमी सापडत नाही, पुष्कळदा ते माणसात असते.

नेटल या खाजऱ्या रोपट्याच्या पानाने आग झाली तर डॉक या रानटी रोपट्याचे पान चोळावे, खोकल्यासाठी कॅरगीन हे समुद्रशेवाळ दुधात उकळून प्यावे, इथवर आपल्यालाही सहज पटते. डांग्या खोकल्याची गोष्ट वेगळी. मूल खोकून खोकून काळेनिळे पडले की पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला गाठून उपाय विचारायचा आणि तो जे सांगेल, तेच औषध मानायचे. त्याला वैद्यकीतले ओ की ठो कळत नसले तरी चालते; घोडा तेवढा पांढरा हवा! तो न भेटल्यास, लग्नानंतरही आडनाव न बदललेली, म्हणजे माहेरचे आणि सासरचे आडनाव एकच असलेली बाई शोधून तिच्याकडचा पाव मुलाला खाऊ घालायचा. पोराला गाढवाच्या पोटाखालून पलीकडे देण्याचाही एक उपाय आहे, त्यात गाढवाची संमती गृहीत धरलेली दिसते.

चामखिळींच्या उपायात तर उघड लबाडी आहे. चामखिळी असतील तितके खडे पुरचुंडीत बांधून रस्त्यात टाकायचे. जो पुरचुंडी उचलेल, त्याच्या अंगावर त्या जातात. चामखिळी पुष्कळदा आपोआपच नाहीशा होतात, त्यामुळे उपायाचे नाव आयतेच झाले असणार.

उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्यातल्या बोहो गावी चर्चच्या आवारातली चिमूटभर माती उपाय म्हणून फडक्यात बांधून उशाखाली ठेवण्याची आणि मग ती जागच्या जागी परत नेऊन टाकण्याची रीत आहे. २०१८ साली या मातीत संशोधकांना स्ट्रेप्टोमायसीस या गटातला एक जिवाणू सापडला आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या काही जंतूंची वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखली. पण तेवढ्याने उशाखालच्या पुरचुंडीचा गुण सिद्ध होत नाही. मला मात्र त्या जिवाणूपेक्षा, औषधही उसने आणल्यासारखे परत करण्याची अट अधिक मोहवते.

आजही आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत नागीण किंवा गजकर्ण झाले की डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवूनच ‘उतारा’, म्हणजे तो आजार बरा करण्याचा गुण, कुणाकडे आहे याची चौकशी होते. तो एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, त्याचे पैसे सहसा घेतले जात नाहीत आणि काही ठिकाणी तर आभार मानायलाही मनाई असते.