चित्ररथांचे फोटो, अनेक कॅमेरे आणि फायलींची नावं

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात, तिथीप्रमाणे होते आणि रात्रभर चालते. मंडळांकडे तिचे फोटो वर्षानुवर्षं साठत राहतात. काही डीएसएलआरचे, काही मोबाइलचे, बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. असा साठा वेबसाइटच्या अल्बमसाठी आणि स्मरणिकेसाठी लावायचं काम मी करतो. फोटो लहान करणं हा त्यातला सोपा भाग आहे. वेळ खातात ती नावं. म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी तारखा, मग नावं, आकार सगळ्यात शेवटी. आकार आधी कमी केला तर अल्बममधला छोटा फोटो आणि हार्ड डिस्कवरचा मूळ फोटो यांचा धागा तुटतो. स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी मोठी फाइल मागितली की मग हजारो फोटो डोळ्यांनी चाळत बसावं लागतं.

आपल्या भागात फोल्डरांच्या नावांचा घोळ जरा जास्तच. एकाच गावाचं नाव कुणी मराठीत लिहितो, कुणी कन्नड लिपीत, कुणी रोमनमध्ये. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाचं रोमन स्पेलिंग तर दोन-तीन तऱ्हांनी आढळतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुनी फोल्डर एका स्पेलिंगखाली आणि नवी दुसऱ्या. देवनागरी नावांत आणखी एक छुपी अडचण आहे. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरून लिहितात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं चिन्ह वापरून. पडद्यावर ‘पायऱ्या’ नावाची दोन फोल्डर अगदी सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात आणि शोध घेतल्यावर एकच सापडतं. शिवाय लिनक्स सर्व्हरवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत नाव संपलं. म्हणून फायली आणि फोल्डर दोन्हींची नावं मी रोमनमध्ये, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवतो. गावांच्या स्पेलिंगची यादी एका एक्सेल शीटमध्ये आधीच पक्की करायची. मराठी मथळे त्याच शीटमध्ये शेजारच्या रकान्यात.

मूळ फायलींना हात लावायचा नाही. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून तिच्यावर काम करायचं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवायचे. मग कचरा काढायचा. मॅकवर जोडलेल्या पेनड्राइव्हमध्ये प्रत्येक फोटोसोबत टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी काही केबींची जोडफाइल तयार होते. तिचं एक्स्टेन्शन जेपीजी असतं, पण आत फोटो नसतो. या फायली राहिल्या की बॅचमध्ये, म्हणजे सगळ्या फोटोंवर एकदम चालवलेल्या कामात, एररची रांग लागते आणि खरोखर खराब झालेला फोटो त्या गर्दीत दिसत नाही.

तारखांसाठी एक्झिफटूल. कॅमेऱ्याने फोटोच्या आत नोंदवलेली माहिती (एक्झिफ, म्हणजे तारीख, वेळ वगैरे) हा प्रोग्रॅम वाचतो आणि बदलतो. तो कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालतो, पण याला तोड नाही. विंडोजवर फोल्डरांची नावं देवनागरीत किंवा कन्नडमध्ये असतील तर फाइलनावांचा कॅरॅक्टरसेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे त्याला पर्यायातून सांगावं लागतं, नाहीतर समोर असलेली फाइलही त्याला सापडत नाही. आणखी एक: तारीख बदलताना तो प्रत्येक फाइलची जुनी प्रत शेजारी ठेवतो, म्हणजे डिस्कवर दुप्पट जागा लागते. कॉपीवरच काम चाललं असेल तर मूळ फाइलवरच लिहिण्याचा पर्याय द्यावा.

पहिलं काम घड्याळं जुळवण्याचं. दोन कॅमेऱ्यांत टिपलेला एकच क्षण शोधायचा. पालखीपूजनाला नारळ फुटतो तो क्षण बरा, कारण तो सगळेच टिपतात. समजा एका कॅमेऱ्यात तो ७ मिनिटं २० सेकंद आधीचा दिसतो, तर त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंच्या वेळेत तेवढी भर एका कमांडने घालता येते. हे न करता वेळेप्रमाणे लावलं तर एकाच चित्ररथाचे फोटो दुसऱ्या रथाच्या फोटोंत घुसतात.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीची. मिरवणूक एक, तारखा दोन. तारखेनुसार फोल्डर पाडले की बारानंतरचे फोटो वेगळे पडतात आणि मंडळातली पोरं विचारतात, आपला रथ गेला कुठे. यावर एक्झिफटूलमध्ये उत्तम सोय आहे: फाइलमधली वेळ न बदलता, वाचताना ती काही तास मागे धरायची. आठ तास मागे धरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आधीचं सगळं आदल्या तारखेतच येतं. सकाळी आठनंतरही रथ रस्त्यावर असतील तर दहा धरा. फोल्डर पाडताना ही सरकवलेली वेळ वापरायची, फाइलच्या नावात मात्र खरी.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंत मूळ तारीख उरलेली नसते. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात आठ आकडी तारीख असते, तीच घ्यायची. पण ती फोटो फोनवर आल्याची तारीख, काढल्याची नव्हे. पुढचा ‘डब्ल्यूए’नंतरचा आकडा म्हणजे वेळ नसून त्या दिवसाचा अनुक्रमांक असतो. तो रोज शून्यापासून सुरू होतो, म्हणून दोन फोनवरच्या वेगळ्या फोटोंची नावं तंतोतंत सारखी निघतात. हे फोटो मी वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवतो, छपाईला ते तसेही चालत नाहीत.

फाइलच्या नावाचा साचा असा: वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद, शेवटी कॅमेऱ्याचं एक अक्षर. नुसते १, २, ३ असे क्रमांक बरेच जण देतात, मला ते पटत नाही. महिन्याने कुणीतरी आणखी चाळीस फोटो आणून देतो आणि सगळी क्रमवारी कोसळते. वेळेचं नाव असेल तर नवे फोटो आपोआप जागेवर बसतात. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपीजी यांची जोडीही टिकते, कारण दोघांची वेळ एकच असते. एकाच सेकंदात तीन-चार फोटो काढलेले असतील तर शेवटी -१, -२ जोडायला सांगायचं. क्रमांकच हवे असतील तर ०००१ असे शून्यांसह द्या. विंडोज एक्सप्लोरर २ च्या नंतर १० नीट दाखवतो, पण वेबसाइटवर १, १०, २ अशी रांग लागते. नाव बदलण्याआधी जुनं नाव फाइलच्या आतच नोंदवून ठेवायचं. एक्सएमपी या फोटोतच माहिती लिहिण्याच्या पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे आणि एक्झिफटूल एका कमांडमध्ये सगळ्या फोल्डरांत तो भरतो.

आता आकार. कमांड नको असेल तर एक्सएनकन्व्हर्ट, अनेक फोटो एकदम बदलणारा प्रोग्रॅम. घरगुती वापराला फुकट आहे. फोल्डर आत टाकायचं आणि आउटपुटमध्ये फोल्डरांची रचना जशीच्या तशी ठेवण्याच्या खुणेवर टिक करायची. ती राहिली तर सगळे फोटो एका ढिगात येतात, आणि फाइल आधीच असल्यास तिच्यावर लिही असं निवडलेलं असेल तर एकाच नावाचे फोटो आवाज न करता नाहीसे होतात. क्रियांमध्ये पहिली एक्झिफनुसार आपोआप फिरवणं, मग रीसाइझ: सर्वात लांब बाजू १६०० पिक्सेल, फक्त लहान करा, गुणवत्ता ८५. ‘रुंदी १६००’ असं देऊ नका, उभा फोटो २४०० उंचीचा होतो. फिरवण्याची क्रिया वगळून मेटाडेटा (फोटोच्या आतली माहिती) काढून टाकला तर उभे फोटो आडवे झोपतात, कारण मोबाइल फोटो सहसा आडवाच साठवतो आणि ‘उभा दाखव’ एवढी खूण सोबत लिहितो. ६०००×४००० चा फोटो असा साधारण ३०० ते ६०० केबीत बसतो. रात्रीचे दाणेदार फोटो जास्त जागा घेतात. गुणवत्ता ८० केली तरी त्यांत फरक दिसत नाही.

भगव्याकडे मात्र नीट बघा. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर असेल आणि कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ही फाइलमधली नोंद) नुसतंच काढून टाकलं, तर फेटे आणि पताका विटल्यासारख्या दिसतात. आधी एसआरजीबीत, म्हणजे वेबसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत रूपांतर, मग प्रोफाइल काढणं.

इमेजमॅजिक हा कमांडने फोटो बदलणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी एवढंच: मॉग्रिफाय ही कमांड वेगळा पाथ न दिल्यास मूळ फाइलवरच लिहिते. ‘फक्त लहान कर’ याची खूण म्हणजे मापानंतरचं ‘मोठे’ हे चिन्ह (>). ते अवतरणात ठेवलं नाही तर शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्याचा अर्थ ‘आउटपुट फाइलमध्ये लिही’ असा घेतं.

बॅच मध्येच वीज जाऊन थांबली तर ‘असलेली फाइल सोड’ हा पर्याय देऊन पुन्हा सुरू करता येते. त्याआधी शेवटची तयार झालेली फाइल काढून टाका, ती अर्धवट असू शकते आणि उघडल्यावर खालची बाजू करडी दिसते. शेवटी प्रत्येक फोल्डरमधल्या फायलींची संख्या मूळ संख्येशी ताडून बघायची. स्मरणिकेसाठी प्रेसला छोटे फोटो देऊ नयेत; ए-४ पानभर फोटोला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८०×३५०८ पिक्सेल लागतात. १६०० च्या फाइलवर डीपीआयचा आकडा बदलून ३०० लिहिला, तरी पिक्सेल तेवढेच राहतात. अल्बममधलं नाव घ्यायचं, मूळ डिस्कच्या कॉपीत तेच नाव शोधायचं आणि ती फाइल पाठवायची.